रात्रीची गोळी

“नाव कुणाचं घालू? तुमचं की सिस्टरांचं?” तिनं तक्रारीचा फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रात्री रक्तदाबाची एक गोळी जास्त पोटात गेली. सकाळी खाटेवरून उतरताना बाबा भोवळ येऊन पडले आणि कपाळाला पाच टाके घालावे लागले.

“रात्रीची गोळी मी कालच बंद केली होती,” डॉक्टर म्हणाले.

“माझ्या हातातल्या छापील कागदावर ती होती,” सिस्टर म्हणाल्या.

“हात झटकू नका! हा कागद छापणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं आहे. डॉक्टर लिहितात तेच छापलं जातं. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही.”

हे ती छातीठोकपणे सांगू शकत होती, कारण डॉक्टर स्क्रीनवरच्या ज्या चौकटीत लिहितात, तिच्यामागची गाळणी तिनंच बांधली होती. मजकुराच्या आडून कुणी घातक कोड घुसवू नये, म्हणून ठळक अक्षरं आणि परिच्छेद तेवढे राखायचे, बाकी सगळ्या खुणा काढून टाकायच्या. अक्षरांना मात्र धक्का लावायचा नाही. या कामाबद्दल ऑफिसात तिची पाठ थोपटली गेली होती.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि नव्या नोंदीत लिहिलं, ‘सकाळी एक. रात्री एक.’ मग ‘रात्री एक’वर आडवी रेघ मारली. “काल हेच केलं. जुनं खोडायचं, पण पुसायचं नाही, असा आमचा नियम आहे. सेव्ह केलं आणि पुढच्या पेशंटकडे गेलो.”

त्यांनी सेव्हचं बटण दाबलं. अक्षरं जिथल्या तिथे राहिली. रेघ गेली.

“अहो, मग खोडलंय हे मला कळणार कसं?” सिस्टर कडाडल्या. “कुणी घालवली ती रेघ?”

गेल्या महिन्यात दुसऱ्या कुठल्याशा हॉस्पिटलातून तिच्याकडे ऑफिसात एक तक्रार आली होती. खोडल्याची रेघ छापून येत नाही, कृपया लक्ष घाला. तिनं ती धड वाचलीही नव्हती. एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाली होती, ‘रेघ ही निव्वळ सजावट आहे.’

तिनं फॉर्म परत ओढून घेतला. दोषी व्यक्तीच्या नावाची जागा अजून कोरी होती. तिथे तिनं स्वतःचं नाव लिहिलं.