आडवा डाग

"डावीकडे, वर. राहिलाय बघ," बाबा खुर्चीतून म्हणाले आणि आईने मुकाट्याने पुन्हा स्टूल ओढलं.

लेक चहाचा कप घेऊन दारातच थांबली. काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा चांगला ठसठशीत डाग होता. तो तिला दारातून दिसला, बाबांना खुर्चीतून दिसला, आणि आईला मात्र नाकासमोर असून दिसला नव्हता. म्हणजे शिवणवाल्या मावशी फोनवर म्हणाल्या ते खोटं नव्हतं.

या मावशी खालच्या मजल्यावर कपडे शिवायच्या आणि वरच्यांची खबर ठेवायच्या. त्यांचं म्हणणं, आईची नजर गेली. दर आठवड्याला खिडक्या पुसते आणि दर आठवड्याला बाबा तोच कोपरा दाखवतात, अगदी खालपर्यंत ऐकू येतं. रस्त्यानेसुद्धा बाबांचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नाही. उद्या जिन्यावरून गडगडली म्हणजे? म्हणून लेक दोन दिवसांची रजा टाकून आली होती. खरंच तसं असेल तर घराला कुलूप लावायचं आणि दोघांना आपल्याकडे न्यायचं, हे तिने निघतानाच ठरवलं होतं.

ठरवणं सोपं होतं. बाबा काचमिस्त्री. अर्ध्या शहराच्या खिडक्यांना त्यांनी काचा बसवलेल्या, आणि डोळ्यांचा अभिमान असा की काचेतला केसाएवढा तडा उंबऱ्यातून सांगायचे. कोणाला चष्मा लागला की "संपला बिचारा" म्हणून मोकळे. या घरात त्यांना चाळीस वर्षं झाली होती. मला इथून चौघांच्या खांद्यावरूनच न्या, असं ते बजावून ठेवायचे.

आई काच पुसायला त्यांच्याकडूनच शिकली आणि गुरूच्या वरताण निघाली. काचेवर ऊन यायच्या आत काम उरकायचं. पाण्यात थोडं व्हिनेगर आणि साबणाचा एकच थेंब, दोन पडले की ओघळ उठलेच म्हणून समजा. आधी फडकं, मग वर्तमानपत्राचा बोळा, काच करकरेपर्यंत. आणि आतून आडवे हात, बाहेरून उभे. म्हणजे डाग राहिलाच तर तो कुठल्या बाजूचा, हे शोधत बसायला नको.

हा डाग आडवा होता. म्हणजे आतला, हाताच्या टप्प्यातला.

मग दिवसभर ती डोळ्यांत तेल घालून आईकडे बघत राहिली. स्टूल काम झाल्या झाल्या परत आपल्या जागी गेलं. लेकीने टीपॉय जरासा सरकवला, तर आई हातातलं टाकून उठली आणि होता तिथे ठेवून आली. बाबांचा चहा ती टेबलावर ठेवतच नव्हती, कपाचा कान थेट त्यांच्या हातात देत होती. टेबल कुठे संपतं तेही हिला कळत नसेल का? कोपऱ्यात वर्तमानपत्रांची चळत घडीसुद्धा न मोडता पडली होती. कोणी वाचत नाही का, असं तिने विचारलं.

"हल्ली वाचण्यासारखं असतं काय त्यात?" बाबा म्हणाले. "काचेला मात्र झकास."

दुपारी आईने बाबांच्या सदऱ्याला बटण लावलं. सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला. हाताची सवय असेल, अशी लेकीने स्वतःची समजूत घातली. एकदा मनाने घेतलं की माणसाला पुरावासुद्धा सोयीचाच दिसतो.

संध्याकाळी तिने विषय काढला. नजर गेली असेल तर लपवू नकोस, दोघं माझ्याकडे चला, खोली रिकामीच आहे, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर नुसता फिरत राहिला.

"माझ्या डोळ्यांना काय म्हणायचं ते म्हण," आई हळूच म्हणाली. "पण यांना इथून हलवू नकोस. इथलं सगळं यांना पाठ आहे गं."

लेकीला रात्रभर अपराध्यासारखं वाटलं. पण निर्णय बदलायचा नव्हता.

सकाळी आई दुधाला गेली. खोलीतली दुसरी खिडकी पुसायची राहिली होती. लेकीने स्वतःच पाणी कालवलं. बाहेरून उभे हात मारले, आतून आडवे, मग बोळा घेऊन काच करकरवली. निदान ही खिडकी तरी आईच्या माथी नको, एवढंच तिच्या मनात होतं. शेवटी मागे सरून तिने चारही कोपरे निरखून पाहिले. डाग नाही, ओघळ नाही. मध्ये काच आहे की नाही, तेही कळू नये इतकी लख्ख.

बोळ्याचा आवाज थांबला तशी बाबांची खुर्ची कुरकुरली.

"राहिलाच की," ते म्हणाले. "डावीकडे, वर. तुझ्याही हातून राहिलाच ना? मग आईच्या डोळ्यांना कशाला नावं ठेवतेस?"

लेकीने काचेकडे पाहिलं. मग बाबांकडे. ते मान ताठ करून खिडकीकडे तोंड करून बसले होते, बाजी मारल्यासारखे हसत होते.

"हो की," ती म्हणाली. "राहिला खरा. काय नजर आहे बाबा तुमची!"

जिन्यात आईच्या चपला वाजल्या. लेकीने घाईघाईने बोट साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, एक आडवा डाग ओढून ठेवला.