सत्तर सालची पहाट

परीक्षेला अर्धा तास उरला होता आणि नेत्राच्या कम्प्युटरवर १९७० साल लागलं होतं. तारीख चुकीची म्हणून परीक्षेचं पान उघडेना. फोनवरून पेपर देता येत नव्हता आणि हा हुकला तर वर्ष गेलं.

तिने तारीख हाताने नीट केली. तेवढ्यात अख्ख्या कात्रपची वीज गेली आणि आली. पुन्हा १९७०. मग तिने कमलेशदादाला फोन लावला. या जुन्या मशीनवर लिनक्स नावाची सिस्टीम त्यानेच चढवून दिली होती. तो म्हणाला, लिनक्सचा दोष नाही, आतला सेल मेला असेल. वीज गेल्यावर वेळ धरून ठेवायला आत कुणी उरलेलं नाही.

नेत्राने कम्प्युटरचा डबा उघडला. नाण्याएवढा चपटा सेल निघाला. आता दुकानात कधी जायचं आणि परत कधी यायचं?

तिची आजी, इंदुबाई, विकायचा मसाला तोलून पिशव्यांत भरत होत्या. त्यांनी नातीच्या हातातला सेल पाहिला आणि आपला छोटा वजनकाटा उलटा केला. त्यातही तसाच सेल होता.

"घे, बाय. मसाला काय, उद्या तोलीन."

सेल बसला. मशीन सुरू झालं. आता एकदाच तारीख घातली की ती टिकणार होती. स्क्रीनवर अजून जुनीच होती: १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच.

दर वेळी हीच कशी काय, इंदुबाईंनी विचारलं. नेत्राने टाइप करता करता सांगितलं, की लिनक्सची वेळ मोजायला सुरुवातच तिथून होते. जगाच्या प्रमाणवेळेत तेव्हा मध्यरात्र, आपल्याकडे पहाट. लिनक्सवरचं कुठलंही मशीन सगळं विसरलं, की याच घडीला येऊन उभं राहतं.

"अख्ख्या जगातली?"

"हो, अमेरिकेतलीपण."

इंदुबाई मसाल्याचे हात तसेच धरून स्क्रीनपाशी आल्या.

"म्हंजे माझी आय आता चिखलोलीच्या शेतावर वालाच्या शेंगा तोडाया निघाली असंल," त्या म्हणाल्या. "त्याच सालच्या पावसाल्यात वारली ती."

कोपऱ्यात पाच एकतीस झाले. नेत्राची तारीख लिहून झाली होती, फक्त एंटर राहिलं होतं. बोट त्यावर तसंच ठेवून तिने आजीकडे पाहिलं.

"दाब, बाय," स्क्रीनवरची नजर न काढता इंदुबाई म्हणाल्या. "पण हळूच दाब."