कैदाशीण

“तुम्ही बाहेरच थांबा.” सिस्टर दारात आडवी उभी राहिली. “ओळखलंय मी तुम्हाला. सासूला शिळं वाढणाऱ्या ना तुम्ही?”

सून कसंनुसं हसली. “अहो, ते नाटक असतं. आईच लिहितात सगळं. त्या दिवशीचं शिळंही ताजंच होतं.”

“सगळ्या असंच म्हणतात.”

आता हिला कसं पटवायचं? नवरा बोटीवर, घरात दोघीच. करमेना म्हणून व्हिडिओ करायला घेतले. सासू-सुनेच्या मायेचे व्हिडिओ केले, तर तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. मग सासूबाईंनीच डोकं चालवलं. “लोकांना गोड नको असतं गं. तू आपली मला छळ.” सुनेनं छळायला घेतलं आणि लोक तुटून पडले. जितक्या शिव्या, तितकी कमाई. जेवताना दोघी त्या शिव्या मोठ्यानं वाचत आणि ठसका लागेपर्यंत हसत. नवा फ्रीज आला तो ‘कैदाशिणी’च्या जिवावर.

आज मात्र हसू पळालं होतं. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. आता थोड्याच वेळात ऑपरेशन. ॲम्ब्युलन्समध्ये त्यांनी सुनेचं मनगट आवळून धरलं होतं. “भूल देईपर्यंत माझ्यापाशी राहा हं. एकटीला नाही गं जमायचं.”

“माझं नका ऐकू. त्यांनाच विचारा ना!” सून काकुळतीला आली.

हे सिस्टरला पटलं. तिनं दार सताड उघडलं. उद्या कुणी आपल्यावर ठपका ठेवायला नको, म्हणून फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पलंगाकडे वळली. “आजी, न घाबरता सांगा. सुनेला आत सोडू का?”

सासूबाईंनी मान वळवली. समोर फोन दिसला. त्याच्यामागे सून दिसली. बघता बघता त्यांचा चेहरा पडला, हनुवटी थरथरली, डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“नको गं बाई! हाड मोडलं तरी हिचं समाधान झालं नाही!”

सिस्टरनं फोन खिशात टाकला, सुनेकडे जळजळीत नजर टाकली आणि दार लोटायला घेतलं.

मिटत्या फटीतून सासूबाई दिसल्या. सिस्टरच्या पाठीआड त्यांनी डोळे पुसले, खुशीत भुवया उडवल्या आणि नुसत्या ओठांनी विचारलं, “जमलं ना? की परत घ्यायचा सीन?”