शेवटची ओळ

"अजून वाढव की," आबासाहेब म्हणाले.

उत्कर्षानं कॉम्प्युटरच्या पडद्यावरची लिमिटरची पट्टी आणखी थोडी वर सरकवली आणि गाणं पुन्हा लावलं. सकाळपासून बापलेकीचं हेच चाललं होतं. गाणं आबांनीच रचलेलं, आबांनीच म्हटलेलं. संध्याकाळी मैंदर्गीला तिच्या थोरल्या बहिणीच्या, वैष्णवीच्या, लेकीचं बारसं होतं आणि पाळण्यापाशी आजोबांची अंगाई स्पीकरवर लागायची होती. गाणं पाठव म्हणून वैष्णवीचे फोनवर फोन येत होते. काय सांगायचं हे न कळून उत्कर्षानं फोन उलटा करून ठेवला होता.

लिमिटर म्हणजे आवाजाला घातलेलं छत. खालून रेटा वाढवला की मोठा आवाज छताला टेकून तिथंच दबतो आणि बारीक आवाज वर येऊन त्याच्या खांद्याला खांदा लावतो. सगळंच दणदणीत होतं. हाक कुठली आणि कुजबुज कुठली, कळेनासं होतं. वरातीत नाचणाऱ्यांना ते बरं. पण अंगाई दणदणीत करून झोपवायचं कुणाला, हे आबांना कोण समजावणार?

तिचा जीव अडकला होता शेवटच्या ओळीत. 'धोटा थांबला, नीज गं आता.' मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा धोटा. आबांनी ती ओळ इतकी हळू म्हटली होती की रेकॉर्ड करताना ती श्वास धरून बसली होती. भिंतींना ठोकलेल्या चादरींनी सबंध गल्लीचा गोंगाट बाहेर अडवला होता आणि खोलीत तेवढी एक ओळ होती. आता तीच ओळ अंगावर ओरडून येत होती.

"आबा," ती त्यांच्याकडं वळून म्हणाली, "याच्यावर नाही जात. गाणं फाटतंय."

"फाटू दे. त्या बँजोवाल्यांचं बघ, छातीत कसं धाडधाड वाजतंय! आन हे बघ." त्यांनी पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेवर बोट टेकवलं. "शेवटाला अजून बारीकच हाय. जाड कर की."

"अंगाई आहे ती. वरात नाही."

"बारशाला लई माणसं येणार, पोरी. मागं बसलेल्याला बी ऐकू गेलं पायजे."

उत्कर्षाला आता खरंच राग आला. सगळी हयात एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर गेली माणसाची. त्या खडखडाटाची चटकच लागली असणार, दुसरं काय! तिनं पट्टी पार टोकाला नेली. घ्या, होऊन जाऊ दे तुमच्या मनासारखं. आबा डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ताल धरून ऐकू लागले. शेवटची ओळ आली ती भांडायला आल्यासारखी. तिला ऐकवेना. तिनं मध्येच गाणं बंद केलं.

"मारलंत गाणं," ती पुटपुटली. "तुम्हीच मारलंत, आबा."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. असं ती त्यांना कधी बोलली नव्हती. आता आबा चिडतील, नाहीतर मुकाट्यानं उठून जातील, असं वाटून तिनं चोरून पाहिलं. आबा तसेच बसले होते, डोळे मिटून. आणि बोटं मांडीवर अजून ताल धरत होती.

गाणं तर बंद होतं.

"आबा," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चहा टाकू का?"

चहाला नाही म्हणणं आबांना ठाऊक नव्हतं. झोपेतून उठून ते हो म्हणत. आता ते काहीच म्हणाले नाहीत. बोटं तेवढी चालू होती.

उत्कर्षाला कारखाना आठवला. लहानपणी डबा घेऊन ती कारखान्यात जायची. माग चालू असले की तिथं कुणी आवाजानं बोलायचं नाही. ओठ हलवायचे आणि ओठ वाचायचे. आबा लांबूनच नुसत्या ओठांनी विचारायचे, 'जेवलीस?' आणि तिला बरोबर कळायचं. घरीसुद्धा कुणी बोलायला लागलं की आबा सरकून अगदी तोंडासमोर येऊन बसत. त्याला ती माया समजत आली होती. माया होतीच. पण ही शेवटची ओळ आबांनी नुसती म्हटली होती, त्यांनी स्वतः ती एकदाही ऐकली नव्हती. आणि ती दिवसभर त्यांच्यावर डाफरत बसली होती.

आबांनी डोळे उघडले. "झालं? वाढवलंस?"

तिनं पट्टी मागं घेतली, पार सकाळी होती तिथपर्यंत. पडद्यावरची शेवटची रेघ पुन्हा दोऱ्याएवढी झाली.

"आगं, बारीक केलीस की!"

उत्कर्षानं स्पीकर बंद केले. खुर्ची ओढून ती पडद्याच्या आणि आबांच्या मध्ये बसली, गुडघ्याला गुडघा लावून. मग त्यांच्याकडं बघत तिनं सावकाश नुसते ओठ हलवले. धोटा थांबला, नीज गं आता. घशातून तिनं एवढासाही आवाज काढला नाही.

आबासाहेबांचा चेहरा उजळला.

"हां! आता कसं बराबर ऐकू आलं. हेच पाठव."