दिवाकररावांनी दिलेले गुण

"काका, आता जरा गप्प बसा. जीभ वर करा."

दिवाकर सप्रे खुर्चीत आडवे पडल्या पडल्या चमकले. दोन दिवसांत नऊ जणांनी त्यांना तपासलं होतं, पण असं कोणी बोललं नव्हतं.

तसे ते खरे पेशंट नव्हते. डेंटल कॉलेजच्या प्राध्यापिका डॉक्टर अमितांना एक अभ्यास करायचा होता. शेवटच्या वर्षाची मुलं म्हाताऱ्या पेशंटशी कशी वागतात, ते मोजायचं. फॉर्म भरून घेतले तर सगळेच श्रावणबाळ निघतात, म्हणून त्यांनी दिवाकररावांना गाठलं. वय चौऱ्याहत्तर, मिलमधून रिटायर झालेले कारकून, गणेशोत्सवातल्या नाटकांत चाळीस वर्षं काम केलेलं. खालची कवळी टोचते म्हणायचं, तीच गोष्ट दोनदा विचारायची, मध्येच भलतं काही सांगत बसायचं. मग धीर, आदर, बोलणं, यांचे पाचपैकी गुण द्यायचे. मुलांना पत्ता लागू द्यायचा नाही.

नऊ जणांनी त्यांना अगदी जिंकून घेतलं होतं. "दादाजी, टेन्शन नहीं लेने का," बंटी म्हणाला होता, "अशी मस्त कवळी देतो, भुट्टे खाल!" रजतनं तर खुर्चीतून उतरताना हात धरला, लिफ्टपर्यंत सोडलं. चार वर्षांपूर्वी बायको, इंदुमती, गेली. तेव्हापासून इतकं कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. दिवाकररावांनी सढळ हातानं गुण दिले.

आणि आता ही क्षितिजा. त्यांनी मिलच्या भोंग्याची गोष्ट काढली, तर तिनं ऐकलीच नाही. कवळी काढून बाजूला ठेवली. कापसाच्या पट्टीनं जीभ धरली, इकडे वळव, तिकडे वळव.

"तंबाखू खाता?"

"नाही."

"कधीच नाही? खरं सांगा."

"नाही म्हटलं ना." अमितांनी लिहून दिलेल्या कागदावर व्यसन नाही असंच होतं. मिलमधली तंबाखूची वीस वर्षं त्यांनी तोंडातच ठेवली.

तिनं दिवा आणखी जवळ ओढला आणि पुन्हा वाकून पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे. ते बघून त्यांना का कोण जाणे इंदुमतीचं हॉस्पिटल आठवलं.

"कवळी आत्ता घालू नका," ती म्हणाली. "सोमवारी या. सोबत घरचं कोणी आणा."

"घरी कोणी नाही."

"मग एकटे या. पण या."

कॅन्टीनमध्ये बसून त्यांनी तिचा फॉर्म भरला. आदर, एक. धीर, एक. बोलणं, एक.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, फोन आला. "काका, मी क्षितिजा. सोमवारपर्यंत नको थांबायला. आजच..."

त्यांनी फोन ठेवून दिला. तपासणीनंतर मुलांशी परत बोलायचं नाही, हा नियम होता. संध्याकाळपर्यंत आणखी सहा वेळा फोनची घंटी वाजली. गुरुवारी चहाच्या टपरीवर बंटी भेटला.

"दादाजी, तुम्ही तर छुपे रुस्तम! तुम्ही अ‍ॅक्टर आहात, कल सबको पता चल गया. मार्क किती दिले, बताओ ना!"

तेव्हा दिवाकररावांना उलगडा झाला. क्षितिजाबाईंना गुण वाढवून हवेत.

शुक्रवारी ती केस पेपरवरचा पत्ता शोधत राजेंद्र नगरला घरापर्यंत आली. दाराच्या भिंगातून त्यांनी पाहिलं. मास्क नव्हता, पण तेच डोळे.

"काका, फक्त पाच मिनिटं. दार उघडा, प्लीज."

समोरच्या फ्लॅटमधल्या यशोधराबाई बाहेर डोकावल्या. "क्या हुआ बेटा? काही काम होतं का?"

"नाही, काकू. त्यांच्याशीच बोलायचंय."

दिवाकरराव श्वास रोखून उभे राहिले. ती गेली असं वाटलं की पुन्हा बेल वाजे. तासाभरानं दाराखालून एक लिफाफा आत सरकला. तो त्यांनी उघडला नाही. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. नळाखाली भांडं धरलं तरी, डोळे मिटले तरी, मास्कच्या वरची ती नजर समोरच. आपल्याला एवढं घाबरायला काय झालं, हेही त्यांना कळेना.

शनिवारी अमिता भोपाळच्या परिषदेहून परतल्या. दिवाकररावांनी दहा फॉर्म टेबलावर ठेवले आणि वर तो लिफाफा.

"कमाल आहे," सगळं ऐकून अमिता म्हणाल्या. "मलाही तिचे चार मिस्ड कॉल आहेत. मी घेतलेच नाहीत. मार्कांसाठी मुलं काय काय करतात! आणि घरापर्यंत यायचं? एका म्हाताऱ्या माणसाला त्रास द्यायचा? तिला मी या बॅचमधून काढते, काका. तुम्ही लेखी द्या."

दिवाकररावांनी लिहून दिलं. सही केली आणि मन हलकं झालं. पुराव्याला असू दे म्हणून अमितांनी लिफाफा फोडला.

"मोठ्यानं वाचा," ते म्हणाले. "मलाही कळू द्या, तिला किती गुण हवेत."

अमिता वाचू लागल्या. "'काका, तुम्ही खोटे पेशंट आहात, हे मला बुधवारीच कळलं. मार्क शून्य दिलेत तरी चालेल. पण तुमच्या जिभेखालची गाठ खोटी नाही.'"