बेडकांची फळी

आत्या चहाच्या गाळणीने तळ्यातले बेडूकमासे उपसत होती. गाळणी पाण्यात, मग बादलीत. पुन्हा पाण्यात, पुन्हा बादलीत. फाटकातून माळीकाका मातीची पहिली ढकलगाडी आत आणत होते. ती माती तळ्यात पडणार होती. भिंगरी जिंकली होती.

भिंगरी म्हणजे आत्याची भाची. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेत चालायचं. एका जागी दोन मिनिटं उभी न राहणाऱ्या मुलीला घरात दुसरं काय म्हणणार?

भांडण सुरू झालं ते ससे घरी आले त्या दिवशी. दोन होते. पांढरा, गलेलठ्ठ, जिथे बसेल तिथेच बसून राहणारा तो साहेब. करडा, सारखा इकडून तिकडे धावणारा तो शिपाई. भिंगरीला ते अख्ख्या बागेत मोकळे हवे होते. आणि बागेच्या मधोमध होतं आत्याचं तळं. तिने स्वतः खणलेलं, जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्यात ना मासे, ना कारंजं. "हे कशासाठी?" असं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "येईल त्याच्यासाठी." येत होते बेडूक, चतुर, तहानलेले पक्षी, आणि एकदा एक मुंगूस.

"त्या केसाळ उंदरांना एका बाजूला जाळीचं अंगण करून दे," आत्या म्हणाली होती.

"म्हणजे जेल! त्यांनी काय गुन्हा केलाय?"

"तळ्याचे काठ सरळ उभे आहेत. पडले तर वर यायचे नाहीत."

"मग तळं काढ!"

त्याच आठवड्यात आत्याने तळ्यात एक फळी तिरकी सोडली. एक टोक पाण्यात, एक काठावर. वरून गोणपाट. भिंगरी हसून लोळायची बाकी राहिली.

"हे काय गं?"

"बेडकांसाठी आहे."

"बेडकांना जिना! आत्या, आता लिफ्टपण बसव!"

शेवटी रोजच्या कटकटीला बाबा वैतागले. "ससे किंवा तळं. काय ते एक ठरवा. उद्या एखादा बुडाला तर ती रडारड मला नको." भिंगरीने डोळ्यांत पाणी आणलं. थोडं खरं, थोडं ओढून ताणून. आत्याने भाजी निवडता निवडता मान हलवली. "बुजव मग. बेडूक काय, कुठेही जातील."

आणि आज माती आली होती. भिंगरीचे पाय जमिनीवर नव्हते. तिने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि दोघांना बागेत सोडलं. "या, उद्घाटन बघायला या!"

"थांब गं, काम होऊ दे आधी," आत्या म्हणाली.

तेवढ्यात माळीकाकांनी गाडी काठाजवळ उलटी केली. मातीत दगड होते. धडाड्‌कन आवाज झाला. शिपाई कुंडीमागे पसार झाला. जन्मात कधी न धावलेला साहेब मात्र धावला, आणि सरळ तळ्यात गेला.

भिंगरी काठावर आडवी पडली, हात पाण्यात घातला. साहेब उलट्या दिशेला वळला. त्याची नखं प्लास्टिकवर घसरत होती. वर चढायचा, खाली यायचा. ओला झाल्यावर तो केवढासा होता! नाक तेवढं पाण्याच्या वर होतं.

"हात काढ," आत्या म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तो तुला घाबरून पळतोय. मागे हो."

"आत्या, तो बुडतोय!"

"मागे हो म्हटलं ना."

भिंगरी मागे झाली. साहेब काठाकाठाने पोहत गेला. मग त्याचे पुढचे पंजे गोणपाटाला लागले. तिथे तो घसरला नाही. एक पाऊल, दुसरं पाऊल. धापा टाकत तो फळीवरून चालत वर आला आणि आत्याच्या चपलेवर बसला. एखादा साहेब खुर्चीत बसावा तसा.

आत्याने त्याला ओढणीत गुंडाळून भिंगरीच्या मांडीवर दिलं. "पूस नीट. कान आधी. थंडी भरेल त्याला."

भिंगरी पुसत राहिली. मग तिचा हात फळीवर गेला. गोणपाट नुसतं टाकलेलं नव्हतं. ते ताणून ठोकलेलं होतं. चारी कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवल्या होत्या. एक धागा बाहेर नव्हता, की एखादं नख त्यात अडकावं.

माळीकाका दुसरी गाडी घेऊन आले. "ताई, ही तळ्यातच ओतू ना?"

"नको, काका!" भिंगरी जवळजवळ ओरडलीच. "त्या कोपऱ्यात ओता. सशांना खणायला. आणि भोवती जाळी लावायचीय. खालूनसुद्धा, नाहीतर शिपाई बोगदा काढेल."

"जेल ना ते?" आत्या म्हणाली.

भिंगरीने मान खाली घातली. साहेबाचा पंजा तिने बोटांत धरला होता.

"आत्या, बेडकांना नखं असतात का गं?"

"असतात एखाद्याला," आत्या म्हणाली, आणि तिने बादली हळूच तळ्यात रिकामी केली.