निरोपापुरता मुलगा

"आई, आपण पाणी घेतलंत का?" त्याने खिडकीखालून विचारलं.

"आईला आपण म्हणतं का रे कोणी?" आतली म्हातारी म्हणाली.

"कंपनीचा नियम आहे, आई. पाहुण्यांना आपणच म्हणायचं."

गाडी शंभर वर्षांपूर्वीची होती, म्हणजे तशी दिसायची. पितळी कड्या, मखमली पडदे, खरा धूर. आठवडाभर फिरवून ती पाहुण्यांना पुन्हा याच फलाटावर आणून सोडायची. जुन्या काळी लोक गाडीवर पोचवायला यायचे, म्हणून कंपनीने तेही ठेवले होते. बुकिंगच्या फॉर्मवर रकानाच होता : निरोप द्यायला कोण हवं? या नोकरीत तो बहुतेक वेळा मुलगा असायचा, सुट्ट्यांच्या दिवसांत भाचाही. एकदा माणसं कमी पडली तेव्हा तो एकटाच जमाव झाला होता.

काम ठरलेलं होतं. बॅग चढवायची, पाणी विचारायचं, शिट्टी झाली की फलाटावरच्या घड्याळापर्यंत रुमाल हलवत पळायचं. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम, सक्ती नव्हती. कॉलरला माइक असायचा आणि खांबाशी उभा राहून साहेब सगळं ऐकायचा. घड्याळाच्या पुढे पळाल्याबद्दल त्याला एक ताकीद मिळाली होती, जरा जास्तच रडल्याबद्दल दुसरी. तिसरीला घरी.

आज बॅग इतकी हलकी निघाली की चढवताना त्याचाच तोल गेला होता.

"आपले चिरंजीव कसं बोलतात?" त्याने विचारलं. कधीकधी पाहुणे नमुना देतात.

"मुलगा नाही मला. आमचे हे तू म्हणायचे, ते गेले. मोठी बहीण म्हणायची, ती गेली. आता बँकेत मॅडम, दवाखान्यात आजी, शेजारी तुम्ही. मला तू म्हणणारं माणूसच संपलंय बघ." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा म्हण की."

त्याने खांबाकडे पाहिलं. साहेबाने कानातलं यंत्र नीट दाबून बसवलं.

त्याला अख्खी कंपनी अरे-तुरे करायची. ही वस्तू कुणाला कमी पडत असेल, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"नियम आहे, आई," तो म्हणाला.

"बरं," म्हातारी म्हणाली आणि पडद्याची घडी नीट करत बसली.

शिट्टी झाली. गाडी हलली. वेगही शंभर वर्षांपूर्वीचाच. तो रुमाल हलवत पळू लागला, म्हणजे खरं तर चालू लागला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. घड्याळ आलं. घड्याळ गेलं. मागून साहेबाची हाक आली.

काहीतरी 'तू'चं बोलायला हवं होतं. पण स्वतःच्या आईशी बोलून त्याला सतरा वर्षं झाली होती. तोंडात तयार असलेलं एकच वाक्य सापडलं, बालवाडीच्या दारातलं. तेच निघालं.

"आई, तू जाऊ नकोस ना."

साहेबाने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि ताकिदींची वही उघडली.

म्हातारी उठली. बॅग घेऊन दारापर्यंत आली. पांढरे हातमोजे घातलेल्या वाढप्याने घाबरून हात पुढे केला, तो धरून ती अगदी सावकाश, रविवारी जिना उतरावा तशी, फलाटावर उतरली. गाडी दिवाणखान्यासारखे दिवे लावून पुढे निघून गेली.

"अगं आई, गाडी सुटली," तो धापा टाकत म्हणाला.

"सुटू दे," तिने बॅग त्याच्या हातात दिली. "मला कुठे जायचं होतं?"